ताईची इस्त्री

माझी थोरली बहीण घरोघरी जाऊन मलमपट्टी करणारी नर्स. बारा वर्षांपूर्वी विजेवरच्या गाड्या लोकांनी फक्त चित्रात पाहिल्या होत्या. तेव्हा साध्या माणसाला झेपेल अशी पहिली गाडी बाजारात आली आणि आमच्या गल्लीत ती ताईने आणली. पुढून निमुळती, मागून पसरट, काम झालं की भिंतीला वायर लावून ठेवायची. गल्लीने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं.

“काय सिस्टर, इस्त्री तापली का?” समोरचा शिंपी रोज विचारायचा.

“तापली. शर्ट आणा,” ताई म्हणायची.

हसायची नाही ती फक्त माझी भाची, ताईची मुलगी. शाळेच्या एक गल्ली आधीच उतरायची. “आई, आपली गाडी मिक्सरइतकाही आवाज करत नाही गं. कळतच नाही गाडी आली ते!”

“मिरवायला घेतली नाहीये, कामाला घेतलीय.”

आणि काम ती चोख करून घ्यायची. तिने पेशंटांचा क्रम चढउतारावरून लावला होता. सकाळी भरल्या बॅटरीने सगळ्यात उंचावरचं घर गाठायचं, मग घरं घेत खाली यायचं. उतारावर ब्रेक दाबला की गाडी थोडी वीज परत मिळवते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा वेगळा क्रम लिहून दिला, तर ताई म्हणाली, “साहेब, या क्रमाने तुम्ही ढकलायला येणार का?”

पण बॅटरी म्हातारी होत गेली. सुरुवातीला एका चार्जवर एकशेवीस किलोमीटर जायची, मग नव्वद, मग साठ. या हिवाळ्यात चाळीसवर आली. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. गॅरेजवाला बॉनेट उघडायचा आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचा, “चांगली होती हो.”

सगळ्यात वरचं घर सतरा किलोमीटरवर होतं. जाऊन येऊन चौतीस. तिथे घड्याळवाले आजोबा राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता मधुमेहाने तळपायाला खोल जखम. कमरेतून वाकता येत नव्हतं. सोबत बहीण, आक्का, तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ताई जखमेत औषधाची पट्टी भरायची आणि चोवीस तासांत ती काढून नवी भरायची. सलग एकोणीस दिवस चुकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, शुक्रवारपर्यंत जखम स्वच्छ राहिली तर पाऊल वाचेल. नाहीतर कापावं लागेल.

बुधवारी भाची सुट्टीला घरी आली. कॉलेजात गेल्यापासून तिचा नूरच पालटला होता.

“मावशी, तुला माहितीये, आमच्या ग्रुपमध्ये सगळे इस्त्रीवर फिदा आहेत! पहिल्या बॅचची, ओरिजनल रंगाची. असली आता बघायला मिळत नाही. इतकी कूल गाडी आमच्या घरात, आणि मी येडी उतरून पळायचे!”

“कूल म्हणजे चांगली का गं?” ताईने भाजी चिरता चिरता विचारलं.

“चांगली नाही गं. चांगल्या तर सगळ्यांकडे आहेत.”

ताईला यातलं काही कळलं नाही, पण तिचा चेहरा फुलला. बारा वर्षांत पहिल्यांदा लेकीने गाडीची किल्ली मागितली होती. संध्याकाळी भाची मैत्रिणींना फेरी मारायला घेऊन गेली. दीड तासाने परत आली, आठवणीने वायर लावली आणि आंघोळीला गेली.

आमच्या घरात एक नियम आहे. इस्त्री चार्जिंगला असताना गीझर लावायचा नाही, दोन्ही एकाच लाइनवर आहेत. तीन वर्षं हॉस्टेलवर राहिलेल्या मुलीला तो कुठून आठवणार? फ्यूज उडाला. पाणी तोवर तापलेलं होतं, दिवे दुसऱ्या लाइनवर होते. कुणालाच पत्ता लागला नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला ताई गाडीत बसली आणि तशीच बसून राहिली. मी खिडकीपाशी गेले. आकडा नऊ किलोमीटर दाखवत होता. आता वायर लावली तरी टेकडीपुरतं चार्ज व्हायला संध्याकाळ झाली असती.

शेजारी गाडी घेऊन कामाला निघून गेला होता. टेकडीची बस सहालाच जाते, दुसरी थेट संध्याकाळी. टॅक्सीवाल्याने पत्ता ऐकला आणि “तिकडून रिकामं यावं लागतं हो,” म्हणून फोन ठेवला. दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावी. भाची दारात उभी राहून रडत होती. ताई तिला ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी तिने आजोबांना फोन लावला आणि फोन गाडीच्या टपावर ठेवला. आम्हालाही ऐकू येत होतं.

“आजोबा, आज पट्टी आक्कांनी काढायची. आधी साबणाने हात धुवा म्हणावं.”

“सिस्टर, तुम्ही सावकाश या. पाय कुठे पळून जातोय?”

“आजोबा, ऐका माझं. आक्का, टोक हाताला लागलं का?”

“लागलं बाई.” आक्कांचा आवाज लांबून आला. “ओढू?”

“हळू. अगदी हळू. किती आली?”

“वीतभर.”

“मी दोन वीत भरलीय. अजून यायला हवी.”

आक्कांनी पुन्हा ओढली. मग आजोबा विव्हळले, आणि आक्का म्हणाल्या, “तुटली गं.”

ताईने डोळे मिटले. “हात काढा. आता काहीच करू नका. आक्का, वास येतोय का?”

“नाही हो,” उत्तर आजोबांनीच दिलं, घाईघाईने. “कसला वास? काही नाही.”

“मी आक्कांना विचारलं.”

पलीकडून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

ताईने फोन उचलला, बॅग खांद्याला लावली आणि मोठ्या रस्त्याकडे निघाली. आम्ही दोघी मागोमाग. पांढऱ्या गणवेशातली छप्पन्न वर्षांची बाई रस्त्याच्या कडेला हात करून उभी राहिली. सकाळची कामाला जायची वेळ. नव्या, चकचकीत, विजेवरच्या गाड्या एकामागून एक येत होत्या आणि जराही आवाज न करता निघून जात होत्या. भाचीही हात करू लागली.

“आई, थांबेल गं कोणीतरी.”

“हो,” ताई म्हणाली, आणि पुन्हा हात वर केला.