झाडावरचा आमचा स्लॉथ

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर माझ्या शिक्षणावरचा तुमचा विश्वास उडणार आहे. आणि मी इंजिनियर आहे हो, चांगला रिटायर झालेला!

रिटायर झालो तेव्हा आमच्या केतकीने, म्हणजे लेकीने, आम्हा दोघांना कोस्टा रिकाची ट्रिप बुक करून दिली. देश केवढासा, पण माकडं, मगरी, टूकन पक्षी, काय म्हणाल ते जंगलात आहे. मला मात्र बघायचा होता स्लॉथ. झाडाला लटकून राहणारा, जगातला सगळ्यात आळशी प्राणी. इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावात झाडून सगळ्यांना सांगून गेलो होतो, "फोटो आणतोच!"

तिकडे पाऊस. म्हणजे असा पाऊस, की प्राणी सोडा, शेजारी उभी असलेली बायको दिसेना! शेवटच्या दिवशी ऊन पडलं. सकाळी बोटीची सफर होती. धक्क्याकडे निघालो आणि वाटेत मी थबकलो. एका उंच झाडाच्या बेचक्यात तपकिरी, गोल, गुबगुबीत असं काहीतरी!

"सुनंदा! स्लॉथ!"

"अहो, पण हलत नाहीये ते."

"अगं, हलला तर तो स्लॉथ कसला?"

आता तुम्हीच सांगा, या बोलण्यात काही चूक आहे? नाही ना? तिथेच तर घात झाला!

मी बोट कॅन्सल केली. "मगरी काय, कुठेही दिसतात," मी म्हटलं.

"श्रूजबरीत कुठे दिसतात?" सुनंदाने विचारलं.

मी ऐकलंच नाही. त्याने तोंड इकडे वळवलं की फोटो काढायचा, म्हणून झाडाखाली ठाण मांडलं. दुपार झाली. डास चावले, मुंग्या चावल्या. सुनंदा तेवढी चावायची राहिली.

"अहो, तोंड नसेलच त्याला."

"झोपलाय गं तो. हळू बोल!"

संध्याकाळी बोट परत आली. मंडळी उतरली ती नाचतच. मगरी बघितल्या, माकडं बघितली, टूकनची तर जोडीच बघितली! "आणि तुम्ही?" कुणीतरी विचारलं.

"स्लॉथ!" मी छाती फुगवून म्हटलं. सुनंदा जी खोलीत गेली, ती विमान बोस्टनला उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मी कसला ऐकतोय? परत आल्यावर मित्रमंडळींना जेवायला बोलावलं आणि भल्यामोठ्या टीव्हीवर फोटो लावला. आमचा विलास, हार्टचा डॉक्टर, म्हणाला, "क्या बात है यार!" मला स्वर्ग दोन बोटं उरला.

तेवढ्यात केतकी म्हणाली, "बाबा, झूम कर ना."

मी झूम केलं.

"बाबा... दॅट्स नॉट अ स्लॉथ. दॅट्स अ टरमाइट नेस्ट."

"म्हणजे?"

"वाळवी, बाबा. वाळवीचं घर आहे ते."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. विलासने सावरायला म्हणून म्हटलं, "पण बांधलंय छान, हं!" धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं. आख्ख्या ट्रिपमध्ये ऊन पडलं एकच दिवस, आणि तो मी वाळवीसमोर घालवला! बायकोलाही घालवायला लावला! सुनंदाकडे बघायची हिंमत होईना.

घाईघाईने टीव्ही बंद करायला गेलो, तर रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि पुढचा फोटो आला. सुनंदाने कंटाळून काढलेला माझा फोटो. मान वर, तोंड उघडं.

"बाबा!" केतकी किंचाळली. "बिहाइंड यू!"

माझ्या मागच्या झाडावर, माझ्या डोक्याच्या जरासाच वर, स्लॉथ! खराखुरा! डोळे, नखं, गालावर हसू, सगळं जिथल्या तिथे. आणि बघतोय कुणाकडे? माझ्याकडे!

सुनंदाने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. कंटाळून कंटाळून तिने माझे कितीतरी फोटो काढले होते. एकेक करत सगळे दाखवले. दर फोटोत स्लॉथ नव्या फांदीवर. मी मात्र तिथेच, तस्साच, तोंड उघडं टाकून.

आणि ट्रिपहून आल्यापासून पहिल्यांदाच ती पोट धरून हसली. "बिचारा! आपल्या बायकोला सांगत असेल, 'अगं, आज माणूस बघितला. दिवसभर जागचा हलला नाही!'"