पूर्णिमाच्या घरचा बस्ता

फुलेवाडीत पूर्णिमाच्या साड्यांच्या दुकानाला ना पाटी, ना काउंटर. घराची पुढची खोली हेच दुकान. टीव्हीच्या शोकेसमध्ये काठापदराच्या साड्या, दिवाणाखाली सुती, आणि आरसा म्हणाल तर लोखंडी कपाटाचा. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग चहा, मग दिवाणावर ढीग. बायका दोन-दोन तास बसायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या आणि 'नुसतं बघायला आलतो' म्हणत दोन साड्या घेऊन जायच्या. नवरा गेल्यावर तीन वर्षांत पूर्णिमानं हे सगळं एकटीनं उभं केलं होतं.

अडचण एकच. घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय कोल्हापुरात कोणी सोडत नाही, आणि तिनं नवी साडी घेतली असेल तर मुळीच नाही. मोठ्या दुकानांना हा त्रास नाही. पिशवी हातात दिली की ते मोकळे. पहिल्याच वर्षी एक बाई लग्नासाठी पाच साड्या निवडून उठली. पूर्णिमा विधवा आहे हे तिला दारात कळलं, आणि साड्या होत्या तिथंच ठेवून ती निघाली. "लग्नाचं हाय ओ, वाईट वाटून घेऊ नका," असं गोड बोलून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं ते गोड बोलणं होतं.

तेव्हापासून पूर्णिमानं तोड काढली. साड्या बांधून झाल्या की शेजारच्या रक्षिताला मिस कॉल द्यायचा. रक्षिता ओले हात पदराला पुसत यायची, हळदीकुंकू लावायची आणि जायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, जाऊबाई असेल. पूर्णिमाच्या कपाळावर बारीक टिकली असायचीच, त्यामुळे कुणी काही विचारत नसे.

मे महिन्यात गगनबावड्याकडच्या विठाबाई नातीचा बस्ता बांधायला आल्या. साडीला दहा मतं नकोत म्हणून बरोबरच्या चौघी बायकांना त्यांनी बाहेर गाडीतच बसवलं होतं. वय सत्तरीचं, आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटावं, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी अकरा साड्या निवडल्या. एवढं मोठं गिऱ्हाईक या घरानं कधी बघितलं नव्हतं. पूर्णिमानं खुशीत मिस कॉल दिला, आणि रिंग वाजता वाजता तिला आठवलं, रक्षिता कालच जयसिंगपूरला माहेरी गेली. विठाबाई कपाळ पुढं करून उभ्याच होत्या.

"कुंकू लाव की बाई. गाडी खोळंबलीया."

"फळीवर करंडा हाय मावशी, घ्या लावून," पूर्णिमा साडीच्या घडीकडे बघत म्हणाली.

"आपल्याच हातानं? मी काय हॉटेलात आलोय व्हय?"

आता थाप मारायला जागा उरली नव्हती. खरं तर तिला त्या लपवाछपवीचा वीटही आला होता. "मला मालक न्हाईत," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

पूर्णिमानं मनातल्या मनात अकराही साड्या परत शोकेसमध्ये लावून टाकल्या.

"मला वीस झाली," विठाबाई म्हणाल्या.

पूर्णिमा त्यांच्या कपाळाकडे बघतच राहिली. तिनंही कपाळ बघूनच माणूस ठरवलं होतं.

"आधी गावातल्या बायका मला बघून वाट बदलायच्या. मी काय कुंकू सोडलं न्हाई. आता माझ्याबिगर त्यांचाबी बस्ता निघत न्हाई. लाव."

पूर्णिमानं कुंकू लावलं. ते जरा वाकडंच लागलं. विठाबाईंनी आरशात बघितलं आणि दारात जाऊन त्यांनी हाळी दिली, "उतरा गं सगळ्या. कुंकू घ्या आणि तुमाला काय पायजे ते बी बघून घ्या."

गाडीतून चौघी उतरल्या, चपला काढून आत आल्या. पूर्णिमानं एकेकीला कुंकू लावलं. चौथीपर्यंत येता येता कुंकू अगदी गोल आणि नीट लागलं.

"बसा," ती म्हणाली, "चहा टाकतो."