हॉस्पिटलच्या फायली आणि वांग्याचं बी

बायको गेली आणि घरात हॉस्पिटलच्या फायलींची पिशवी राहिली. दोन वर्षांचे कागद. जाळायला हात होईना आणि डोळ्यासमोर नकोत. सांगलीची लेक म्हणाली, "आबा, त्याचा लगदा करून बियांचा कागद करूया. आईच्या वर्षश्राद्धाला येतील त्या बायकांना एकेक तुकडा देऊ. कुंडीत पुरला की उगवतो."

बी होतं. काटेरी वांग्याचं, तिनं लग्नानंतर आटपाडीहून, माहेरातून आणलेलं. दरसाल एका झाडाचं एक वांगं ती कुणाला तोडू द्यायची नाही. देठाला चिंधी बांधायची. पिवळं पडलं की बी धुऊन राखेत घोळून ठेवायची. आजारपणात वाफा झालाच नाही. डबीत होतं तेवढंच शेवटचं.

लेकीनं रीत सांगितली. कागद फाडून भिजवायचा, वाटायचा, चाळणीवर पातळ पसरून सावलीत वाळवायचा. "आणि बी शेवटाला टाका, लगदा गार झाल्यावर." ती करू लागते म्हणाली, मी नको म्हटलं. आजारात मी काय केलं? दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून राहिलो. हे तरी माझ्या हातानं व्हावं.

ते कागद लय चिवट. दोन दिवस भिजवले तरी विरघळेनात. मग पातेलं चुलीवर चढवलं आणि उकळलं. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर रस आटवणारा गुळव्या होतो, ढवळायचं मला कोण शिकवणार? उतरवलं, थोडा वेळ बसलो, बोट घालून बघितलं. गार लागलं. सगळी डबी ओतली आणि हातानंच कालवलं.

कागद झकास झाले. मधेमधे डॉक्टरच्या निळ्या शाईचे ठिपके. वर्षश्राद्धाला बायकांनी पदराच्या गाठीत बांधून नेले, आटपाडीच्या मेव्हणीनंपण.

तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला. "आबा, कुणाचंच उगवलं नाही. माझंपण नाही. लगदा गार झाला होता ना?"

"बोट घालून बघितलं की."

ती म्हणाली, "आबा, तुमच्या बोटाला चहाची किटली तरी भाजते का ओ?"

तवा डोक्यात उजेड पडला. उकळत्या पाकात बोटं बुडवून गुळाची गोळी जमते का बघणारा माणूस मी. बोटं कवाच मेली. बायको मी काढलेलं अंघोळीचं पाणी कधी घ्यायची नाही. "आवं, माणूस हाय मी, ऊस न्हाई," म्हणायची. चाळीस वर्षं ती हे सांगत होती, आणि नेमकं त्या दिवशी मला आठवलं नाही. तिचं सगळं बी मी शिजवलं.

दुसऱ्या दिवशी एसटी धरली, विट्यात गाडी बदलली आणि आटपाडीला मेव्हणीकडं गेलो. त्यांच्याकडचं बी दुष्काळात कधीच संपलेलं, ती बहिणीकडूनच न्यायची. दारात डालड्याच्या डब्यात तिनं तो तुकडा पुरला होता. माती ओली होती.

म्हटलं, "पाणी घालू नगंस. मी बी शिजवलं. तुज्या आईचं बी मी संपवलं."

तिनं डब्याकडं बघितलं. "ठावं हाय, दाजी. येवढ्या दिसात वांगं वर येतंच की."

"मग बोल की मला. तुजी आक्का असती तर गल्ली गोळा केली असती."

"व्हय, केली असती."

"मग तू कर. त्याच्यासाठीच आलोय."

खरंच त्याच्यासाठी गेलो होतो. बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडत नाही. लेक बोलता बोलता गप्प होते, सून ताट मांडून बाजूला होते. सगळ्यांना माझी कीव येते. येवढी मोठी चूक केली, आता तरी कुणीतरी नावं ठेवेल, असं वाटलं होतं.

मेव्हणीनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "दाजी, उन्हातनं आलाय. बसा, च्या टाकते."


मी बसलो.