दत्ताचा हूक मी तपासला नाही

त्या पावसाळ्यात आमची कंपनी पुण्यात होती. मी हवालदार, भोरचा. माझ्या सेक्शनमधला नाईक दत्ता किकवीचा. सुट्टीला एसटीने घरी जाऊन संध्याकाळी परत येता यायचं, म्हणून आम्ही दोघं खूश होतो. मी ख्रिस्ती. कामाला लागण्याआधी मान खाली घालून प्रार्थना करायचो. दत्ता मला चिडवत 'पाद्रीसाहेब' म्हणायचा, पण माझं 'आमेन' होईपर्यंत तोही गप्प उभा राहायचा.

एका सकाळी हुकूम आला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडच्या एका वाडीमागे डोंगराला भेग पडली होती. साकव वाहून गेला होता. आम्ही नऊ चाळीसला पोचलो आणि ओढ्यावर दोर ताणला. जवानाच्या कमरेचा पट्टा हुकाने त्या दोराला अडकवायचा, पलीकडे जायचं, माणूस पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यायचं. हुकाला स्क्रू असतो. तो आवळलेला नसेल तर हिसक्याने हूक उघडतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी सेक्शन कमांडरने स्वतःच्या बोटांनी स्क्रू तपासायचा आणि 'लॉक' म्हणायचं. जवानाने 'लॉक' असं उत्तर द्यायचं. ते काम माझं होतं. अकरापर्यंत सोळा माणसं अलीकडे आली, आणि सोळाही वेळा मी तपासलं.

पलीकडे थांबलेला आमचा लान्सनाईक रेडिओवर बोलला. "एक म्हातारी राहिलीय. चालता येत नाही. भेग रुंदावतेय. ओव्हर."

"दत्ता येतोय. ओव्हर."

दत्ता दमला होता, तरी हूक अडकवून उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रभू, याला सांभाळ." मग हात हुकाकडे नेला.

"आता आनि काय चाचपताय, पाद्रीसाहेब? वरच्याला सांगितलंय न्हवं? म्हातारी खोळंबलीय."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्याच्या तोंडून माझ्या देवाबद्दल असा भरवसा ऐकून मी सुखावलो. हात मागे घेतला आणि "जा" म्हणालो.

अकरा सहाला तो मधोमध होता. वरून ओंडका येताना दिसला. मी ओरडलो. ओंडका त्याला लागला, तो पाण्याखाली गेला, दोर ताणला गेला आणि एकदम सैल झाला.

"दत्ता दिसत नाही. ओव्हर," पलीकडून लान्सनाईक बोलला.

दोन जवान काठाने खाली धावले. म्हातारी अजून पलीकडेच होती. मी स्वतःला दोराला अडकवलं आणि शेजारच्या जवानाला म्हणालो, "तपास."

"लॉक."

"लॉक."

म्हातारीला आणलं. बाराच्या सुमारास डोंगर खाली आला आणि वाडी गाडली गेली. दत्ता दुसऱ्या दिवशी सापडला. हूक पट्ट्यालाच होता. स्क्रू उघडा होता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "चेक झाला होता?"

"नाही, सर."

शिक्षा झाली. ती योग्य होती. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, प्रभूने त्याची वेळ ठरवली होती. तेही मी मानतो. प्रभूच्या इच्छेवाचून दत्ताचा श्वास थांबला नसता. पण तो स्क्रू तपासायचं काम प्रभूने माझ्यावर सोपवलं होतं, आणि प्रार्थना करून मी ते त्याच्यावरच ढकललं. साहेबांपुढे कबुली देणं जमलं. किकवीला जायचा धीर व्हायला वर्ष गेलं.

दत्ताच्या आईने चहा टाकला. "देवाची मर्जी. तुमी तरी काय करनार?" त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. हुकाचं, स्क्रूचं, मागे घेतलेल्या हाताचं.

चहा उतू गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

"वरीसभर म्या देवाला शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "तुला द्याया पायजे हुत्या."

"द्या, मावशी."

त्यांनी दिल्या. मी सावधानमध्ये उभा राहून सगळ्या ऐकल्या.

आता मी रिटायर झालोय. दरवर्षी त्या तारखेला किकवीला जातो आणि नाईक दत्ताच्या फोटोला सॅल्यूट करतो. तो एकोणतीस वर्षांचा होता. त्या सोळातली सात माणसं त्याने स्वतःच्या पाठीवरून आणली होती. प्रभूने मला क्षमा केली, यावर माझा विश्वास आहे. मावशींनी अजून केलेली नाही.