सत्यप्रतीवरची सही

कागद हातात आला की काका आधी तो उलटा करून पाहायचे. "मागं काय लिहिलंय?" मागं काहीच नसायचं. तरी पाहायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला लखनऊच्या रेल्वे कॉलनीत ते आमचे शेजारी होते. मूळचे सांगलीचे, हुद्द्यानं राजपत्रित अधिकारी. त्यामुळे अर्जाला जोडायच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा सही-शिक्का घ्यायला सगळी कॉलनी त्यांच्याकडे. न बघता सह्या ठोकणारे साहेब तुम्हीही पाहिले असतील. काका त्यातले नव्हेत. दूधवाल्याचं माप, पोस्टमनचं पाकीट, काकूंनी सांगितलेली वेळ, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय.

मला बी.ए.ला बाराशेपैकी पाचशे सोळा गुण पडले. म्हणजे त्रेचाळीस टक्के. वकिलीला पंचेचाळीस लागतात, असं कॉलेजच्या खिडकीवरच्या बाबूनं सांगितलं. प्रवेश मिळाला नाही तर नागपूरला आत्याकडे जायचं आणि स्थळं बघायची, हे बाबांनी ठरवून टाकलेलं. मी झेरॉक्सवर सोळाचे शहात्तर केले, तिची पुन्हा झेरॉक्स काढली आणि काकांपुढे ठेवली.

काकांनी मूळ गुणपत्रिका मागितली. घरी राहिली, मी म्हणाले. ती पर्समध्येच होती.

"आण. मी बसलोय."

मी फाटकापर्यंत जाऊन परत आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, बराच वेळ पाहत राहिले.

"यातली खरी कुठली धरू?"

मी मूळ कागदावर बोट ठेवलं.

"मग दुसरी तूच फाड."

फाडली. आता हे बाबांना हाक मारणार, असं वाटलं. त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागं बसवून थेट कॉलेज गाठलं. बाबूवर तरी त्यांचा विश्वास कसा बसावा?

"भैया, पैंतालीस लिखा कहाँ है?"

बाबू म्हणाला, सबको मालूम है. काकांनी नियमांची पुस्तिका मागून घेतली आणि उभ्यानंच पहिल्या पानापासून वाचली. प्रवेश परीक्षेला बसायला चाळीस टक्के पुरे होते. पंचेचाळीस कुठंच नव्हते. ती पुस्तिका माझ्याकडेही होती, मी उघडली नव्हती.

परीक्षेच्या यादीत माझं नाव लागलं. त्याच महिन्यात काकांची झाशीला बदली झाली. आम्ही चारबाग स्टेशनवर पोचवायला गेलो. ते बाबांना सांगतील या भीतीनं मी दोघांना एकटं सोडतच नव्हते. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. गाडी हलता हलता त्यांनी बाबांना खिडकीशी बोलावून कानात काहीतरी सांगितलं.

परतताना ऑटोत धीर करून विचारलं, "काका क्या बोले?"

बाबा जरा चक्रावले होते. "म्हणाले, पोरीचे कागद मी तपासलेत. तुम्ही पुन्हा तपासू नका."

मला रडू आवरेना. शेजार तुटला म्हणून रडते आहे, असं बाबांना वाटलं. तेही काही खोटं नव्हतं.