दाराची भिंत

क्रेनला लटकलेली भिंत जोत्यापासून वीतभर वर थांबली. रामहरीने वाकून पाहिले. भिंतीच्या बुडाला चार भोके होती आणि जोत्यातून चार सळया वर आल्या होत्या. कोपऱ्यांतल्या दोन सळया भोकांच्या बरोबर खाली होत्या. मधल्या दोन नव्हत्या. त्यातली एक तर दाराच्या मोकळ्या जागेतच उभी होती.

"सोडू का मिस्त्री?" क्रेनवरून बजरंगने विचारले.

"थांब."

रामहरी मिरजगावचा. जन्मभर त्याने विटांची घरे बांधली. त्याचा सगळा धंदा 'करू की' या शब्दांवर चालायचा. काम अर्ध्यावर आले की घरमालक म्हणे, खिडकी इकडे घ्या, जिना तिकडून काढा. रामहरी म्हणे, करू की. नकाशा काय तो ग्रामपंचायतीला दाखवायचा. म्हणून लोक त्यालाच शोधत यायचे. पण दिवाळी सरली की त्याचे गवंडी ऊसतोडीला जायचे आणि घरे अर्धवट उभी राहायची. कारखान्यात ओतलेल्या भिंती आणून जोडायला तीन-चार माणसे आणि क्रेन पुरते, हे कळल्यावर त्याने गावातल्या राहीबाईला तसे घर घ्यायला लावले. हे उभे राहिले तर ऊसतोडीच्या दिवसांतही त्याला काम मिळणार होते. फसले तर गावात कोणी अशा घराचे नाव काढणार नव्हते. शेजारच्या प्लॉटवर घर बांधायच्या विचारात असलेला गोरक्षनाथ सकाळपासून दगडावर बसून तेच बघत होता.

जोते भरताना राहीबाई म्हणाली होती, "दारासमोर इजेचा खांब येतोय रं. दार हातभर सरकव." रामहरी करू की म्हणाला आणि त्याने दाराच्या दोन्ही अंगांच्या सळया सरकवल्या. कारखान्याला कळवले नाही. विटांच्या घरात दार कुठे ठेवायचे ते गवंड्याच्या हातात असते. कळवायचे असते हेच त्याच्या डोक्यात आले नाही.

वारा सुटला. भिंत लटकल्या जागी फिरायला लागली. जुना जोडीदार वैजनाथ दोरीने तिला ओढून धरत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काप दोनी. वर फरशी येती. कोन बगतंय?"

रामहरीने ग्राइंडर उचलला. कोपऱ्यांतल्या सळया भिंत धरतील, कदाचित. विटांची भिंत चुकली तर आधी तडा दाखवते, माणसाला वेळ देते. ही एका दमात उभी राहते आणि पडली तर एका दमात पडते. हिच्या आतल्या बाजूला राहीबाईची खाट येणार होती.

त्याने ग्राइंडर खाली ठेवला. "बजरंग, बाजूला घे. लाकडांवर ठेव."

"काय झालं मिस्त्री?" गोरक्षनाथ बसल्या जागेवरून म्हणाला. "टेप आखडली व्हय?"

रामहरी पत्र्याच्या शेडकडे गेला. रस्ता रुंद झाला त्यात जुने घर गेल्यापासून राहीबाई तिथेच राहत होती.

"आक्का, दार सरकनार न्हाई. कारखान्यात जिथं ओतलंय तिथंच येनार. खांबासमोर."

"मंग तवा व्हय का म्हनलास?"

"सवयीनं."

"मी काय सवयीनं घर बांधतीय का?"

त्याने लाकडांवरच्या भिंतीकडे बोट केले. "भित परत पाठवू, दुसरी वतायला सांगू. ती कवा यील सांगता येत न्हाई. न्हाईतर दार हाय तिथं ठिवा, सळया मी आज नव्या बसवतो."

राहीबाईने शेडकडे पाहिले, खांबाकडे पाहिले. "बसव. पर भित हालली तर गाठ माझ्याशी हाय."

"मला सांजंला राहात्याच्या वाटंला लागायचंय," बजरंग क्रेनवरून ओरडला.

"जेवून घे. तवर करतो."

ड्रिल त्याने दुसऱ्याच्या हाती दिले नाही. हे काँक्रीट त्यानेच ठोकून ठोकून बसवले होते. ते आता त्यालाच दाद देईना. हादरे खांद्यापर्यंत चढत होते. भोक पडले की तो ब्रश फिरवी, फुंकणीने धूळ काढी, पुन्हा ब्रश फिरवी.

"बास की आता," वैजनाथ म्हणाला.

"धूळ येतीय अजून. धुळीला चिकटलेली सळई उपसून येती."

फुंकणीतून नुसती हवा आली तेव्हा त्याने सळई चिकटवायचे केमिकल भरले, सळया फिरवत आत घातल्या, ओळंब्यात धरल्या. मग कोणाला जवळ येऊ दिले नाही. बजरंगने इंजिन चालू करून दोनदा जोरात घुरघुरवले. रामहरीने तिकडे पाहिले नाही. केमिकल दगडासारखे झाल्यावरच त्याने चुकलेल्या दोन जुन्या सळया कापल्या आणि हात वर केला.

भिंत उतरू लागली. तो जमिनीला गाल टेकवून पडला होता. "यीऊ दे. यीऊ दे. थोडी माझ्याकडं. यीऊ दे." चारही सळया भोकांत शिरल्या. वैजनाथने तिरके टेकू कसले. रामहरीने दोन्ही बाजूंनी ओळंबा लावून पाहिला.

"साखळी ढिली कर."

साखळी सैल पडली. गोरक्षनाथ उठून उभा राहिला होता. भिंत हलली नाही.

गोरक्षनाथ जवळ आला. "माझ्या घराला मदीच काय बदलायचं झालं तर?"

"भित वतायच्या आदी कायबी बदला. नंतर मी न्हाईच म्हननार."

"मंग इटांचंच बरं की. तितं निदान मिस्त्री ऐकतो तरी." चप्पल झटकून तो निघून गेला.

रामहरी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. राहीबाई दारात येऊन उभी होती. खांब अगदी नाकासमोर.

"त्याचं सोड," ती म्हणाली. "खांबाचं वायरमनशी मी बगते. क्रेन जायच्या आत फुडची भित आन."