पट्टी सोडताना समोरचं स्टूल

ती गेल्याची बातमी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर सरकत आली तेव्हा मी मटकी निवडत होते. सगळी निवडून झाली, मग उठले. रडू आलं नाही... सिनेमात ती आम्हा सगळ्यांच्या वाटचं रडून गेली होती.

लोक तिला पडद्यावरच्या नावानं ओळखतात. माझ्यासाठी ती कोरेगावच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी शालन. मी नर्स झाले, ती नटी. पुढे तिनं जतला मोतीबिंदूचं शिबिर सुरू केलं आणि मला कराडहून हक्कानं बोलावून घेतलं. हारतुऱ्यांचा तिला मनापासून कंटाळा. ज्या म्हातारीबरोबर घरचं कुणी नसे, तिची पट्टी मी सोडायची आणि शालननं समोर स्टूल टाकून बसायचं, एवढंच तिचं काम. "डोळा उघडल्यावर समोर भिंत नको गं," म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात एका धनगर आजीची पट्टी सोडली. आजीनं शालनचा हात धरून तिला निरखून पाहिलं. "कोन गं तू? लय थकलीस की!" शालन खो खो हसली. "इतक्या वर्षांत खरं बोलणारी ही पहिलीच!" पण हे ती आजीशेजारच्या खिडकीकडे बघून बोलत होती. मी तिला बाहेर नेऊन विचारलं, तर म्हणाली, "काचबिंदू. आता उपाय नाही. डॉक्टरांना सांगू नकोस, मला इथं येऊ देणार नाहीत."

मी सांगितलं. पायऱ्यांवरून पडली असती तर? डॉक्टरांनी अगदी आदरानं तिला घरी विश्रांती घ्यायला लावली. नंतर तिचा एकदाच फोन आला. "तू सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला, तो पुन्हा कधी उचललाच नाही. मी केलं ते बरोबरच होतं, असं मी बऱ्याच जणांना पटवून दिलंय. मला स्वतःला अजून पटलेलं नाही.

ती गेल्यावर महिन्याभरानं शिबिर भरलं. तीच आजी दुसऱ्या डोळ्यासाठी आली होती, यंदाही एकटीच. पट्टी सोडायचं काम मी दुसऱ्या नर्सला दिलं आणि स्टूलवर जाऊन बसले. आजीनं डोळे किलकिले करून मला पाहिलं.

"ती बाई कुठं हाय?"

"गेली, आजी."

आजी म्हणाली, "तिला दिसत न्हवतं. हात धरला तवाच मला कळलं. पर म्या कुनाला सांगितलं न्हाई."

लेकासोबत आलेल्या पुढच्या म्हातारीला आणून बसवलं, तरी मला स्टूलवरून उठवेना.